पुसलेल्या फुल्या

‘नुसतं बघू नकोस रे. ऐक.’

आई हे म्हणायची तेव्हा तिचा हात थांबलेला नसायचा. दहा-बारा बायका एका ओळीत उकिडव्या बसलेल्या, प्रत्येकीच्या हातात लाकडी थापी आणि खाली ओला चुना. ऊन चढल्यापासून कलेपर्यंत त्या गच्ची बडवायच्या. एक नाही दोन नाही, आठ-आठ दिवस. चुना आणि विटांचा चुरा बडवून बडवून एकजीव झाला की पाण्याचा थेंब खाली उतरत नाही, एवढंच त्या कामाचं शास्त्र. पण ते कुणा साहेबाच्या वहीत नव्हतं, त्या बायकांच्या कानात होतं. माल कच्चा असला की थापी भद्द बोलायची, मळलेल्या पिठावर चापट मारावी तशी. मग चौथ्या-पाचव्या दिवशी, कुणाला न विचारता, आवाज वर चढायचा. टणक व्हायचा, त्याला धार यायची. ओळीतली एखादी म्हातारी मान वर न करता म्हणायची, ‘बोलायला लागली गं.’ आणि आई गाणं उचलायची, बाकीच्या थापीनं साथ द्यायच्या:

थापटीते बाई, चुन्याची गं गच्ची
सांग गं तू खरं, पिकली का कच्ची

वरून गं गोरी, दिसशील छान
पोटातलं सांग, लावलाय कान

आज सकाळी हा आवाज आठवायला कारण अगदी किरकोळ घडलं. मी दारात बूट घालत होतो आणि बायको माझ्या पाठीमागे होती. ती काहीतरी बोलली असावी, कारण मी ‘हो’ म्हणालो. गेली दोन वर्षं मी ‘हो’ म्हणतो. घरात कुठं तिच्या आवाजाची नुसती सावली हलली तरी ‘हो’. बहुतेक वेळा चालून जातं. संसारातल्या निम्म्याअधिक प्रश्नांना ‘हो’ पुरतं, हे मला या वयात कळलं. नाडी बांधून वळलो तर ती माझा डबा हातात धरून तशीच उभी. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ‘मी विचारलं, परत कधी येणार,’ ती म्हणाली. आता समोरून, सावकाश. ‘कधी’ला ‘हो’ हे उत्तर होत नाही. फरशीवर काही सांडलं की आधी कोण फडकं आणणार म्हणून दोघं क्षणभर थांबतात, तसे आम्ही त्या ‘हो’कडे बघत राहिलो. ‘बघू,’ मी म्हणालो, ‘चौकशी किती लांबते त्यावर.’ तिनं डबा पिशवीत सरकवला. पिशवीत माझी हातोडी होती. ती तिनं पाहिली. काही बोलली नाही. की बोलली?

जिना उतरताना मनात एकेक मोजत होतो, तिनं न बोलता केलेल्या गोष्टी. आधी ती जेवताना माझ्या उजवीकडे बसायची. एक दिवस डावीकडे बसायला लागली. म्हणाली, ‘तिकडं पंख्याचा वारा लागतो.’ माझा डावा कान त्यातल्या त्यात बरा आहे. मग दाराची घंटा बिघडली, आणि तिनं नवी आणली ती वाजताना लाल दिवाही लागणारी. ‘दुकानात हीच होती,’ म्हणाली. चहाचं पाणी उकळलं की शिट्टी देणारी किटली मोडीत गेली. बोलण्याआधी ती आता खांद्याला हात लावते. लग्नाला तेहेतीस वर्षं झाल्यावर बायको उगाच खांद्याला हात लावत नाही. मी तिला सांगितलं नाही, आणि मी सांगितलं नाही हे तिनं मला सांगितलं नाही. असे आम्ही दोघं एकमेकांना सांभाळत होतो. भिंतीला ओल आलेली दोघांना दिसावी आणि दोघांनी त्याच जागी कपाट सरकवावं तसे.

बाहेर रस्ता नेहमीसारखा चालला होता. माझ्यासाठी रस्ते हल्ली कापसातून चालतात. ट्रकची घरघर पोचते, माणसांचं बोलणं बुडालेलं पोचतं. पण वरचे, बारीक, धारदार आवाज कुणीतरी कात्रीनं कापून नेले आहेत. सायकलची घंटी, चाव्यांचा जुडगा, काचेला नाणं, पाखरं. डॉक्टरकडे मी गेलेलो नाही. डॉक्टर कागद देतो, आणि कागद हा माझ्या धंद्यात वस्तूपेक्षा जड असतो.

धंद्यात मला ‘कानवाले’ म्हणतात. खरं नाव फक्त दाखल्यांवर. इमारत बांधून झाली की तिच्या अंगावर दगडी लाद्या चढवतात. खालून बघणाऱ्याला ती राजवाड्यासारखी दिसते. पण प्रत्येक लादी मागच्या मसाल्याच्या, म्हणजे सिमेंट-वाळूच्या, भरवशावर लटकलेली असते. मसाला नीट धरला नाही तर लादी आणि भिंत यांच्यामध्ये पोकळी राहते, आणि ती बाहेरून दिसत नाही. ती फक्त ऐकू येते. म्हणून माझ्यासारखा माणूस दोरांवर टांगलेल्या पाळण्यात बसून गच्चीपासून खाली उतरत येतो, लहान हातोडीनं एकेक लादी वाजवतो, पोकळ बोलली की तिच्यावर खडूनं फुली मारतो. खाली आल्यावर फुल्या चौकटीच्या तक्त्यावर लाल पेन्सिलीनं उतरवतो आणि सही करतो. फुलीच्या लाद्या कंत्राटदार उतरवून पुन्हा लावतो. त्या सहीशिवाय सुरक्षा कार्यालय इमारतीत माणसं राहू देत नाही, आणि विमा कंपनी दहा वर्षांची जोखीम घेत नाही. किती साहेब, किती वकील, किती शिक्के. आणि सगळ्यांच्या खाली, पायात घातलेल्या दगडासारखा, एका माणसाचा कान. दर वर्षी परवाना नवा करताना एक फॉर्म भरायचा असतो. ‘दृष्टी व श्रवण उत्तम असल्याचे मी जाहीर करतो.’ खाली सही आपलीच. दोन वर्षं मी ती करत आलो आहे.

कार्यालयाला जायचा जवळचा रस्ता, जिच्यामुळे ही चौकशी लागली त्या इमारतीवरून जातो. लांबचाही आहे. आज मी जवळचा घेतला. सातव्या मजल्यावर हिरवी जाळी ताणली आहे आणि जाळीमागे सिमेंटचा करडा चट्टा दिसतो, खपली काढलेल्या गुडघ्यासारखा. एकेचाळीस लाद्या. दोन महिन्यांपूर्वी भर दुपारी सुटल्या. खाली टपालवाला पायरीवर बसून पत्रं लावून घेत होता. तो वाचला, उजवा हात कोपरापासून गेला. हा मनुष्य वीस वर्षं या गल्लीत पत्रं टाकतो, त्याला दारावरचे आकडे बघावे लागत नाहीत, असं पेपरात आलं होतं. मी त्याला दवाखान्यात बघायला गेलो नाही. फाटकापर्यंत गेलो होतो. त्याची बायको बाकावर बसून एका हातानं संत्रं सोलायचा प्रयत्न करत होती, दुसरा हात मुद्दाम पाठीमागे धरून. नवऱ्याला काय काय जमणार नाही ते ती करून बघत होती. मी तिथूनच परतलो.

सुरक्षा कार्यालयातली बसायची जागा म्हणजे एक लांब खोली, भिंतीला बाकं, टोकाला खिडकीमागे कारकून. लादीवाला माझ्या आधी येऊन बसला होता. त्या इमारतीच्या लाद्या यानंच लावलेल्या. आम्ही दोघंही एकाच गवंड्याच्या हाताखाली शिकलो. मी वर चढून वाजवणारा झालो, हा मसाला कालवणारा राहिला आणि पुढे कंत्राटदार झाला. हात सच्चा. बोलणं मात्र असं की पाळण्यात बसलेल्या माणसाला हसून तोल जायची भीती.

‘या कानवाले,’ तो म्हणाला, आणि बाकावर हात थापटला. ‘बसा. फुकट आहे. इथं एवढीच गोष्ट फुकट आहे.’ इस्त्रीचा पांढरा शर्ट, त्याला वरचं बटण लावलेलं. मानेची कातडी त्यावरून ओघळली होती. ‘मुलीला म्हटलं, चार दिवस गावाला जाऊन येतो. म्हणते, बाबा, गावाला जाताना कुणी इस्त्रीचा शर्ट घालतं का? काय सांगू तिला? आत टाकलं तर शर्ट तरी बरा असावा.’

‘आत कशाला टाकतील?’

‘पत्र वाचलं नाहीत?’

वाचलं होतं. विमा कंपनीचं पत्र तीन पानांचं, पण म्हणणं एवढंच. कानवाल्यांच्या तक्त्यात सातव्या मजल्याच्या त्या पट्ट्यात फुल्या फक्त तीन. त्या तीन लाद्या तेव्हाच पुन्हा लावल्या. म्हणजे दीड वर्षापूर्वी पट्टा पक्का होता. मग सुटला कसा? तर दाखला मिळाल्यावर कंत्राटदारानं दिवे लावायला तिथल्या अकरा लाद्या काढल्या, परत बसवल्या, आणि कुणाला कळवलं नाही. त्या ठोकाठोकीत शेजारच्या सैल झाल्या. न कळवता केलेला बदल, म्हणून विमा रद्द. टपालवाल्याला कंपनी बांधील नाही. परवाना लादीवाल्याचा जाईल, खटला लादीवाल्यावर चालेल. पण लाद्या मुळातच पोकळ असत्या, तर तो लपलेला दोष. विमा त्यासाठीच असतो. कंपनीला हात आखडता आला नसता. सगळी इमारत आता माझ्या त्या तीन फुल्यांवर उभी होती.

‘एक गोष्ट,’ लादीवाला माझ्या उजव्या कानाशी वाकला. मी मान फिरवून डावा पुढे केला. ‘त्या फुल्यांचं मी काही बोललो नाही हं. तुम्हीही बोलू नका.’

‘कुठल्या?’

‘वा! कुठल्या म्हणे. पुसलेल्या.’ त्याच्या तोंडावरचं हसू तसंच होतं, डोळे मात्र खिडकीमागच्या कारकुनाकडे. ‘मी वर आलो, तुम्हाला हसलो, आणि नंतर त्या पुसल्या गेल्या. हे त्यांना कळलं तर काय म्हणतील? कंत्राटदारानं तपासनिसाला दमात घेतलं. मग अकरा लाद्यांची गोष्टच राहणार नाही. सरळ बेड्या.’

मी ‘हो’ म्हणालो. या वेळी ऐकून म्हणालो.

तपासणीच्या त्या दिवशी वारा होता. वरच्या मजल्यांवर मला फरक ऐकू येतो आहे असं वाटलं होतं. पाळणा सातव्या मजल्याशी आला तेव्हा ऊन लादीवर आडवं पडलं होतं आणि दगड उबदार लागत होता. मी हातोडी मारली. लादी भद्द बोलली. फुली मारली. पुढची, भद्द. फुली. तिच्या शेजारची, तीही. मला वाटलं, या पट्ट्याला वाऱ्यानं खाल्लं. लादीमागे मसाला धरायच्या आतच सुकला. होतं असं. पण फुल्या वाढत चालल्या, वीस, तीस, चाळीस, आणि अख्खा पट्टा पांढऱ्या फुल्यांनी भरला. तेवढ्यात लादीवाला सातव्या मजल्याच्या खिडकीतून डोकावला. ‘काय हो कानवाले, आज काय आख्खी भिंत नापास? वहिनींशी भांडून आलात का?’ त्यानं खिडकीतून हात लांब करून माझ्या हातातली हातोडी घेतली आणि हाताला आल्या त्या पाच-सहा लाद्या वाजवल्या. ‘ही बघा. ही. ही ऐका की, देवळातल्या घंटेसारखी वाजते!’ मी ऐकत होतो. माझ्यापर्यंत येत होतं ते भद्दच. त्यानं मारलेली प्रत्येक लादी भद्द, आणि त्याचा चेहरा मात्र घंटा ऐकणाऱ्या माणसाचा. ‘चहा पाठवतो वर,’ तो म्हणाला, ‘कान तरतरीत होतील.’ हसत गेला. त्याच्या मनात काही नव्हतं.

मग पाळण्याच्या कठड्यावर चिमणी येऊन बसली. हातभर अंतरावर. तिनं चोच उघडली, मिटली, उघडली. गळ्याजवळची पिसं थरथरत होती, शेपटी दर वेळी खाली दबत होती, एवढा जीव लावून ती बोलत होती. आणि काही नाही. काचेपलीकडचं असावं तसं. मध्ये काच नव्हती. मी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिलो. नुसतं बघू नकोस रे. मी बघतच होतो.

तिथं मी पाळणा खाली घ्यायला हवा होता. दोर ओढायचा, सात मजले उतरायचे, मुकाट घरी जायचं. दुसरा कुणीतरी येऊन ती भिंत वाजवून गेला असता. पण माणूस सात मजल्यांवर टांगलेला असला की सरळ विचार करत नाही. मी विचार केला तो असा: कान खोटा ठरला, म्हणजे फुल्या खोट्या. लाद्या वाजतात, मला ऐकू येत नाही. म्हणून भिंत चांगली आहे. मी आतापर्यंत शेकडो इमारती वाजवल्या, लाखो लाद्या. माझ्या कानाला चूक माहीत नव्हती, त्यामुळे चूक झाल्यावर काय करायचं हेही त्याला माहीत नव्हतं. आंधळा झाल्यावर माणूस चाचपडतो तरी. मी बादलीतला ओला स्पंज उचलला आणि एकेक फुली पुसली. खडूचं पांढरं पाणी दगडावरून ओघळत खालच्या मजल्यापर्यंत गेलं. मग तक्ता अगदीच कोरा दिसू नये म्हणून खिडकीच्या कोपऱ्यांशी तीन फुल्या मारल्या. कोपऱ्यांशी बहुतेक वेळा पोकळी सापडतेच, हे कानानं नाही, सवयीनं माहीत होतं. त्या तिन्हींना मी हातोडी लावलीसुद्धा नाही. पुसलेल्या अट्ठेचाळीस फुल्यांपैकी काही खऱ्या असतील हे मला तेव्हा सुचलं नाही, असं मी दोन महिने स्वतःला सांगतो आहे. सुचलं होतं. स्पंज हातात असतानाच सुचलं होतं. पण परत मारायच्या म्हणजे सगळ्याच माराव्या लागल्या असत्या, आणि खाली उतरून कुणीतरी विचारलं असतं, कानवाले, तुम्हाला झालंय काय.

आईलाही शेवटी ऐकू येत नव्हतं. आयुष्यभर गच्च्या बडवलेली बाई. त्या आवाजानंच तिचा कान खाल्ला असणार. घरात कुणी काही म्हटलं की ती गोड हसून ‘हो हो’ म्हणायची. भूक लागली का? हो हो. कुठं दुखतंय का? हो हो. आम्ही हसायचो. माझी बहीण मुद्दाम विचारायची, ‘आई, तू चोर आहेस ना?’ आणि आई हसून मान डोलवायची, आणि आम्ही लोळायचो. एकदा मात्र मला राग आला. कसल्यातरी कागदावर अंगठा हवा होता, तिनं काहीच न ऐकता ‘हो हो’ करून दिला होता. मी तिच्यासमोर बसलो, तिचं तोंड दोन्ही हातांनी धरलं आणि ओरडलो, ‘ऐकू येत नाही तर सांगायचं ना!’ तिनं माझे हात हळूच सोडवले. मग म्हणाली, ‘सांगितलं तर तुम्ही बोलायचंच सोडाल रे.’ तेव्हा मला वाटलं, म्हातारीचं काहीतरीच.

‘उठा,’ लादीवाल्यानं मला कोपरानं ढोसलं. ‘पुकारा झाला. दोनदा.’ खिडकीमागून कारकून माझ्याकडे बघत होता. ‘साहेब झोपले की काय?’ असं त्याच्या ओठांवर होतं.

आत एक मोठं टेबल. अधिकारी बाई मध्यभागी, चष्मा कपाळावर चढवलेला, आवाज बारीक आणि उंच. माझ्या वाट्याला त्यातला फक्त तळाचा भाग येत होता, उरलेलं मी तिच्या ओठांवरून गोळा करत होतो. बाजूला विमा कंपनीचा वकील, माझ्याच वयाचा, माझ्याशी अतिशय आदरानं वागणारा. का नाही वागणार? मी त्याचा साक्षीदार होतो. टेबलावर सिमेंटच्या दोन पाट्या ठेवल्या होत्या, प्रत्येकीवर एक लादी बसवलेली.

‘हा तक्ता तुमचा?’ अधिकारी बाईंनी विचारलं.

‘हो.’

‘सही?’

‘माझी.’

‘फुल्या तीन?’

‘तक्त्यावर तीन.’

लादीवाल्यानं माझ्याकडे बघितलं. वकील उठून टेबलाच्या या बाजूला आला. मी त्याचं तोंड दिसेल असा थोडा वळलो. ‘मॅडम,’ तो म्हणाला, ‘कंत्राटदारांच्या बाजूनं उद्या असा मुद्दा येऊ शकतो की तपासणीच चुकली. म्हणून आम्ही हे दोन नमुने करून आणलेत. एक पक्का, एक आतून पोकळ. ह्यांनी वाजवून सांगावं. चाळीस वर्षांचा अनुभव आहे, धंद्यात यांना कानवाले म्हणतात. अर्ध्या मिनिटाचं काम.’ आणि मग माझ्याकडे वळून, हसून, ‘हातोडी आणलीय ना? आणलीच असेल.’

आणली होती. का आणली होती ते मला सकाळपासून कळत नव्हतं.

मी पिशवीत हात घातला. हाताला आधी डबा लागला, अजून कोमट. मग हातोडीचा दांडा, माझ्या अंगठ्यानं खोलगट झालेला. मी डाव्या पाटीजवळ गेलो आणि न वाजवताच मला कळलं. खालच्या कडेला, लादी आणि सिमेंट यांच्यामध्ये, केसाएवढी काळी रेघ होती. नमुना करणाऱ्यानं घाईत कड नीट लिंपली नव्हती. पोकळ ही डावी. कुणाही गवंड्याला दिसली असती, आणि त्या खोलीत बघणारे गवंडी दोनच होते. लादीवाल्याला ती दिसली. मला दिसली हेही त्याला दिसलं. पण तो खाली टेबलाकडे बघत राहिला. मी बोट दाखवायचं तेवढं बाकी होतं. अर्ध्या मिनिटाचं काम. मग मी कानवालेच राहणार होतो. संध्याकाळी घरी जाऊन पंख्याचा वारा लागत नाही त्या बाजूला बायको बसणार होती, लाल दिवा लागला की आम्ही दार उघडणार होतो. आणि कुठल्यातरी घरात एक बाई एका हातानं संत्रं सोलायला शिकणार होती.

मी डोळे मिटले. ती रेघ दिसू नये म्हणून मिटले. डावी वाजवली. उजवी वाजवली. पुन्हा डावी. मनगटाला हलकीशी थरथर आली, कानाला तोच एक आवाज, ओल्या पिठावर चापट मारावी तसा. खोलीतले सगळे थांबले होते. त्या सगळ्यांना काहीतरी वेगळं ऐकू आलं होतं. मिटल्या डोळ्यांपुढे उकिडव्या बायकांची ओळ आली, वर-खाली होणाऱ्या थापी, आणि त्यांचाही आवाज येत नव्हता; फक्त आईचे ओठ हलत होते, आणि काय म्हणत होते ते मला पाठ होतं.

डोळे उघडले. ‘तर?’ अधिकारी बाईंचे ओठ म्हणाले.

‘सांगता येत नाही.’

वकील हसला. ‘घाई नाही. पुन्हा वाजवा.’

‘कितीदाही वाजवली तरी येणार नाही.’ मी हातोडी टेबलावर दोन पाट्यांच्या मध्ये ठेवली. ‘मला यातला फरक ऐकू येत नाही, बाई. दोन वर्षं झाली. फॉर्मवर मी खोटी सही केली, दोन्ही वेळा.’

कुणीतरी काहीतरी बोललं. बहुतेक वकील. मी त्याच्याकडे बघितलं नाही, त्यामुळे ते मला कळलं नाही, आणि पहिल्यांदाच मी त्यावर ‘हो’ म्हणालो नाही.

‘लिहून घ्या,’ मी म्हणालो. ‘त्या पट्ट्यावर मी अट्ठेचाळीस फुल्या मारल्या होत्या. मीच पुसल्या. त्यातल्या एकेचाळीस लाद्या खाली आल्या. ह्यानं,’ मी लादीवाल्याच्या खांद्याला हात लावला, आधी हात, मग बोलणं, ‘ह्यानं सांगितलं म्हणून पुसल्या नाहीत. ह्याला माझ्या कानाचं काहीच माहीत नव्हतं. माझ्या घरीसुद्धा मी सांगितलेलं नाही. मला ऐकू येत नव्हतं आणि ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून पुसल्या.’